एक तारा दिल्याने ‘दुसऱ्या’ दुरुस्त होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की मोबाइलवरच्या मराठीच्या दुर्दशेची पत्रे वर्तमानपत्रांत येऊ लागतात. तक्रार बहुधा खरी असते. पण ॲप तयार करणाऱ्यापर्यंत ती पोचते ती ‘मराठी नीट दिसत नाही, बकवास ॲप’ एवढ्या मजकुरानिशी आणि एका ताऱ्यासह. त्यावरून त्याला काहीही करता येत नाही. तो बंगळुरूत असेल नाहीतर बर्लिनमध्ये, देवनागरी त्याला वाचता येत नसेल, आणि त्याच्या फोनवर तेच ॲप सुरळीत चालत असेल. बिघाड त्याला स्वतःच्या पडद्यावर घडवून पाहता आला, तरच तो दुरुस्त होतो. तक्रार लिहिणाऱ्याने तेवढी सोय करायची.

समजा, टिपणे ठेवण्याचे एक ॲप आहे. ‘शाळा दुसऱ्या सत्राची फी’ असे शीर्षक दिले, तर होम स्क्रीनवरच्या विजेटमध्ये, म्हणजे ॲप न उघडता दिसणाऱ्या त्याच्या छोट्या चौकटीत, ‘शाळा दुसऱ्’ एवढेच उरते. बहुतेक जण ‘अक्षरे तुटतात’ असे लिहून मोकळे होतात. जाणकार माणूस आणखी दोन शीर्षके टाकून बघतो. ‘शाळा पहिल्या सत्राची फी’चे ‘शाळा पहिल्’ होते, मात्र ‘शाळा तिसरे सत्र’चे ‘शाळा तिसरे’ असे धड दिसते. इथे अर्धे निदान झाले. तिन्ही ठिकाणी ॲपने दहा खुणा मोजून पुढचे कापले आहे. आपण ‘दुसऱ्या’मध्ये दु, स, ऱ्या अशी तीन अक्षरे मोजतो, यंत्र मोजते सात: द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना. दहावी खूण हलन्तावर आली की अक्षराचा पाय मोडतो, मात्रेवर आली की काही बिघडल्यासारखे वाटतच नाही. इंग्रजी शीर्षक कुठेही कापले तरी अक्षर तुटत नाही, म्हणून डेव्हलपरच्या नजरेला हे कधी पडलेले नसते. बिघडलेल्या नमुन्याशेजारी न बिघडलेला नमुना ठेवला की त्याचा अर्धा दिवस वाचतो.

अशी तक्रार सात-आठ ओळींत मावते. शीर्षकात नेमके काय आणि कुठे बिघडते ते यावे: ‘विजेटमध्ये देवनागरी शीर्षक जोडाक्षराच्या मध्येच कापले जाते’. त्याखाली ॲपचे व्हर्जन, अँड्रॉइडचे व्हर्जन, फोनचे मॉडेल. मग पायऱ्या: नवे टिपण उघडा, हे शीर्षक पेस्ट करा, सेव्ह करा, विजेट पाहा. मग काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, हे दोन वेगळ्या ओळींत. ‘काय दिसायला हवे’ ही ओळ लोक हमखास गाळतात; त्यांना ते उघड वाटते. देवनागरी न वाचणाऱ्याला ते मुळीच उघड नसते. त्याला ‘ऱ’ची आडवी कोयरीसारखी खूण ‘य’च्या डाव्या अंगाला हवी, हे साध्या इंग्रजीत सांगावे लागते, आणि जिथे शब्द बरोबर दिसतो तिथला स्क्रीनशॉट शेजारी जोडावा लागतो. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते, पायऱ्या मोडक्या असून चालत नाही.

स्क्रीनशॉट हवाच, पण नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ दाबले की ऱ उमटतो. युनिकोड या प्रत्येक खुणेला क्रमांक देणाऱ्या जागतिक तक्त्यात त्याचा क्रमांक ०९३१. त्यापुढे हलन्त आणि य. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक नावाची एक न दिसणारी खूण आणि मग य. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, पण पहिल्यात सात खुणा आणि दुसऱ्यात आठ. म्हणून एका तऱ्हेने टंकलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर पुष्कळ ठिकाणी सापडत नाही. चित्रावरून हा फरक ओळखणे कोणालाच शक्य नाही. तेव्हा चित्रासोबत तो शब्दही मजकूर म्हणून पेस्ट करावा. ‘ॲप’ या शब्दाचेही असेच आहे. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या सवयीने कोणी अ टंकून त्यावर वेगळा अर्धचंद्र चढवला, तर काही ठिकाणी मधे ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. तो दोष ॲपचा असेलच असे नाही.

दोष कोणाचा हे ठरवण्यात फारसे तंत्रज्ञान लागत नाही. तोच शब्द कॉपी करून दुसऱ्या दोन-तीन ॲपमध्ये पेस्ट करावा. एकाच ठिकाणी तुटला तर त्या ॲपवाल्याला लिहावे. एक विशिष्ट फॉन्ट लावल्यावर सगळीकडे तुटला तर फॉन्टवाल्याला. एका कळफलकाने टंकल्यावरच तुटत असेल तर कळफलकवाल्याला. लिब्रेऑफिस या लेखनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘फॉन्ट बदलला तरी मराठी बदलत नाही’ हा तर बहुधा दोषच नसतो: देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट तिथे वेगळ्या रकान्यात निवडायचा असतो. पीडीएफमधून कॉपी केलेला ‘किती’ हा शब्द वेलांटी पुढे-मागे होऊन येतो, तेव्हा पीडीएफ दाखवणाऱ्या ॲपला शिव्या घालण्यात अर्थ नसतो. फाइल बनवताना अक्षरे दिसण्याच्या क्रमाने कोंबली गेलेली असतात.

अनेक सॉफ्टवेअरच्या तक्रारींची जाहीर यादी असते; तिथे नवी नोंद करण्याआधी जुनी शोधावी, हे सगळेच सांगतात. कशी शोधायची ते सांगत नाहीत. ‘मराठी’ असे शोधून क्वचितच काही हाती लागते. या ऱ-ला जगभरचे लिपीतंत्रज्ञ ‘आयलॅश रेफ’ म्हणतात. ते नाव किंवा ०९३१ हा क्रमांक टाकून पाहावे. नेपाळी असेही शोधावे, कारण नेपाळीतही हे जोडाक्षर रोजचे आहे आणि तिथल्या कोणीतरी ती नोंद आधीच केलेली असण्याचा संभव असतो. जुनी नोंद सापडली तर तिच्याखाली ‘मलाही’ असे लिहू नये. गिटहब या सॉफ्टवेअर प्रकल्प ठेवण्याच्या संकेतस्थळावर अशा ‘मलाही’च्या रांगांना कंटाळून अनेक प्रकल्प चालवणाऱ्यांनी जानेवारी २०१६ मध्ये कंपनीला खुले पत्र लिहिले. त्यानंतर तिथे अंगठा दाखवण्याची सोय झाली. ती वापरावी. वेगळा फोन, वेगळे व्हर्जन अशी नवी माहिती असेल तरच लिहावे.

नवी सोय मागतानाही नमुना द्यावा. ‘मराठी यादी नीट लावा’ यातून काही कळत नाही. ‘काल, कावळा, कासव, काहूर, काळ असा क्रम हवा, ॲप काळ हा शब्द काल या शब्दानंतर लगेच टाकते’ असे लिहिले की कळते. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल-च्या शेजारी बसला आहे, आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर येतो. मराठीचा क्रम सीएलडीआर या युनिकोडच्या सामायिक साठ्यात तयार मिळतो, हेही जाता जाता सांगावे. डेव्हलपरने तो वापरायचा तेवढा राहतो.

तक्रारीच्या भाषेबद्दल थोडेसे. गोड बोलावे असा आग्रह नाही, पण पिच्छा पुरवल्याने काय होते याचा दाखला समोर आहे. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारे, लिनक्स या संगणक प्रणालीत सर्रास असणारे सॉफ्टवेअर लासे कॉलिन छंद म्हणून, बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये काही खात्यांनी ‘काम हळू चालते, दुसऱ्याकडे सोपवा’ असा त्यांच्यामागे लकडा लावला. ज्याच्या हाती मग अधिकार गेले त्या ‘जिया टॅन’ नावाच्या खात्याने २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये चोरदरवाजा बसवला. तो उघडकीला आला आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याच्या एका तक्रारीमुळे. लॉगिनला ०.२९९ ऐवजी ०.८०७ सेकंद का लागतात, इथून त्यांनी सुरुवात केली. २९ मार्च २०२४ च्या त्यांच्या जाहीर पत्रात व्हर्जन होती, मोजमापे होती, आणि आपण सुरक्षातज्ज्ञ नाही याची कबुलीही होती. लोकांसमोर मांडण्याआधी त्यांनी संबंधितांना खासगीत कळवले होते. दुसऱ्यांची माहिती उघडी पडेल असा दोष दिसला तर आपणही तसेच करावे. उत्तर आले नाही तर सर्ट-इन ही संगणक-सुरक्षेची सरकारी यंत्रणा आहे. स्क्रीनशॉट टाकताना आधार क्रमांक, ओटीपी, बँकेचे संदेश झाकावेत, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

प्ले स्टोअरच्या अभिप्रायात यातले फारसे काही बसत नाही. तिथे चित्र जोडता येत नाही, आणि डेव्हलपरला उत्तर द्यायचे तर ३५० खुणांत. ॲपच्या पानावर ‘ॲप सपोर्ट’खाली ईमेल असतो, तिकडे लिहावे. दुरुस्ती आली की त्याच पायऱ्या पुन्हा करून पाहाव्यात, सुधारले की नाही ते कळवावे आणि आधी दिलेला तारा बदलावा.

एक विनंती आपल्यालाही. मराठी दैनिकांच्या ॲपमध्ये ‘चूक कळवा’ असे बटण प्रत्येक बातमीखाली द्यावे, आणि ते दाबल्यावर ॲपचे व्हर्जन, फोनचे मॉडेल आणि निवडलेला शब्द आपोआप भरला जावा. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन्ही तऱ्हांनी शोधून एकच निकाल येतो का, ही पहिली चाचणी आपल्याच बातम्यांच्या संग्रहावर घेता येईल.

आपला,
एक सॉफ्टवेअर चाचणी अभियंता, पुणे