चिखलावरच कोटिंग: मोटारीच्या पावसाळी संरक्षण पॅकेजबाबत तक्रार

दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग, मुख्य कार्यालय

विषय: गाडीचा खालचा भाग न धुता, न वाळवता केलेले अंडरबॉडी कोटिंग, त्यामुळे तुंबलेली पाण्याची भोके आणि पत्र्याला लागलेला गंज.

संदर्भ: १) आपल्या रत्नागिरी शाखेचे ९ जून २०२५ चे बिल २) माझा ८ सप्टेंबरचा ईमेल ३) आपले २२ सप्टेंबरचे उत्तर

महोदय,

मी पशुवैद्यक आहे. देवरूखला राहते आणि संगमेश्वर तालुक्यातल्या वाड्यांवर जनावरांच्या उपचारासाठी फिरते. पावसाळ्यात माझी गाडी रोज चिखलात जाते. डांबरी रस्ता संपला की गोठ्यापर्यंतचा शेवटचा टप्पा बहुतेक ठिकाणी कच्चाच असतो. भातलावणीच्या दिवसांत तर ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल रस्त्यावर येतो. पांढरी गाडी संध्याकाळी घरी येते तेव्हा दारांच्या कड्यांपर्यंत लाल झालेली असते.

गाडी धुणे हा माझ्या कामाचाच भाग आहे, हे आपल्याला सुरुवातीलाच सांगायला हवे, कारण आपल्या उत्तरात माझ्या धुण्यावरच ठपका ठेवलेला आहे. लाळ-खुरकुताचा रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात माणसाच्या गमबुटांवरून जातो, तसा गाडीच्या चाकांवरूनही जातो. म्हणून असा गोठा केला की चाके आणि मडफ्लॅप मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुते. प्रमाण ४ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. त्याआधी शेण आणि माती साध्या पाण्याने पूर्ण काढावी लागते, कारण चिखलाच्या थराखाली कोणतेही जंतुनाशक पोहोचत नाही. सोडा लावून झाल्यावर पुन्हा साधे पाणी. कॉलेजात शिकले तसेच आजही करते.

घरी अंगणात चिऱ्यांच्या दोन रांगा रचलेल्या आहेत. गाडी त्यावर चढवली की खाली वाकून चाकांच्या वरची पोकळी धुता येते. जांभ्याची माती बारीक आणि चिकट असते. ओली असेपर्यंत वाहत्या पाण्याने सुटते, एकदा वाळली की पत्र्याला धरून बसते. म्हणून कितीही उशीर झाला तरी मी गाडी तशीच ठेवत नाही. विहिरीचा पंप लावते, आधी चाकांच्या वरचा भाग, मग दारांखालच्या कडा, शेवटी वरचे अंग. फडके लावायचे ते माती पूर्ण वाहून गेल्यावरच, आणि खालच्या भागाचे फडके वर कधीच लावायचे नाही. तीन पावसाळे ही गाडी मी अशीच सांभाळली. २०२२ साली घेतल्यापासून या जूनपर्यंत तिला कुठेही गंज नव्हता. दरवर्षीच्या सर्व्हिसिंगच्या कागदांवर तशी नोंद आहे, प्रती जोडल्या आहेत.

चौथ्या पावसाळ्याआधी खालच्या पत्र्याला संरक्षण द्यावे, एवढाच विचार करून मी आपल्या शाखेत गेले. पॅकेज १८,५०० रुपयांचे होते: अंडरबॉडी कोटिंग, वरच्या रंगावर सिरॅमिक कोटिंग आणि पावसाळ्यात चार वेळा धुलाई. माहितीपत्रकात छापले आहे की कोटिंगआधी खालचा भाग वाफेने धुतला जाईल, पूर्ण वाळवला जाईल आणि त्यानंतरच थर दिला जाईल. हे वाक्य वाचूनच मी पैसे भरले. असे कोटिंग कोरड्या, स्वच्छ पत्र्यावरच धरते, एवढे मला माहीत होते.

म्हणूनच मी १२ मेची वेळ घेतली होती. शाखेने ती १९ मेवर नेली. त्या दिवशी कामगार नाहीत म्हणून पुन्हा पुढे ढकलली आणि नवी तारीख दिली ९ जून. यंदा पाऊस किती लवकर आला ते कोकणात कोणाला सांगायला नको. मे संपायच्या आतच मान्सून आमच्याकडे पोहोचला होता. ९ जूनला देवरूखहून रत्नागिरीपर्यंत मी भर पावसात गाडी नेली. गाडी ताब्यात देताना मी काउंटरवर स्पष्ट विचारले, "खालून चिखल आहे, आज वाळेल का? नाहीतर गाडी उद्यापर्यंत ठेवून घ्या, मी एसटीने जाते." मला सांगण्यात आले की मशीनने वाळवतात, काळजी करू नका. सकाळी साडेनऊला दिलेली गाडी दुपारी दीड वाजता परत मिळाली. चार तासांत धुणे, वाळवणे, खालचे कोटिंग आणि वरचे सिरॅमिक! मला तेव्हाच थांबायला हवे होते. पण लांज्याच्या बाजूला एक म्हैस अडली होती, शेतकऱ्याचे फोनवर फोन येत होते, मी निघाले.

गणपतीच्या आठेक दिवस आधी गाडीत कुबट वास यायला लागला. वळणावर डाव्या बाजूने पाणी डचमळल्यासारखा आवाज येई. औषधांच्या पेटीतली एखादी बाटली असेल असे वाटून मी पेटी दोनदा उपसली. मॅट उचलून पाहिली तर खालची जाजमे ओली होती आणि त्यांवर बुरशी धरली होती.

गौरी-गणपती गेल्यावर, ४ सप्टेंबरला, आमच्या इथल्या गॅरेजवाल्या काकांनी गाडी जॅकवर घेतली. दारांच्या खालच्या कडेला आणि दारांखालच्या उंबऱ्याच्या पट्टीत कंपनीनेच ठेवलेली बारीक भोके असतात. काचेच्या रबरातून दारात उतरणारे पावसाचे पाणी तिथूनच बाहेर जाते. माझ्या गाडीची अशी भोके काकांनी एकेक करून तपासली. पाच भोके आपल्या काळ्या कोटिंगने बुजलेली होती. डावीकडच्या पट्टीतले भोक त्यांनी तारेने मोकळे केले तेव्हा लालसर पाण्याची धार लागली. खाली ठेवलेला तांब्या भरून वाहिला. मी त्याचा व्हिडिओ काढला आहे.

मग त्यांनी मागच्या चाकाजवळच्या कोटिंगला स्क्रूड्रायव्हरचे टोक लावले. थोडा जोर देताच तळहाताएवढा पोपडा सुटून हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला लाल मातीचा थर होता आणि मातीत भाताच्या पेंढ्याची काडी रुतलेली होती. खाली पत्र्यावर गंज. ती काडी पाहून मला जे वाटले ते मी या पत्रात पूर्ण लिहू शकणार नाही. पेंढा गोठ्यातला आहे, म्हणजे ९ जूनच्या आधी माझ्याच गाडीला चिकटून आलेला. आपल्या माणसांनी तो वाफेने तर सोडाच, साध्या पाण्याच्या पाइपनेही काढला नाही. त्यावरच फवारा मारला. तो पोपडा काडीसकट मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे.

ओल्या मातीवर कोटिंग केले की काय होते हे आपल्या तंत्रज्ञांना माहीत असणारच. उघडा पत्रा पाऊस थांबला की तासाभरात सुकतो. कोटिंगखाली अडकलेली माती महिनोन् महिने ओली राहते, कडांमधून हवा मिळत राहते आणि गंज आतल्या आत वाढतो. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या विळ्याचे जे होते तेच. माझ्या गाडीला काहीच केले नसते तर ती आज जास्त चांगल्या स्थितीत असती, असे काकांचे मत आहे आणि तीन वर्षांच्या अनुभवावरून माझेही तेच आहे. शिवाय त्यांनी दाखवले की सायलेन्सरच्या नळीवरही काळा फवारा उडालेला आहे. जूनमध्ये घाट चढताना येणारा जळका वास कशाचा होता ते तेव्हा कळले.

आता आपल्या उत्तराकडे येते. माझ्या दोन पानी ईमेलला आपण तीन ओळींत उत्तर दिले: ग्राहकाने सोड्यासारखे तीव्र रसायन वापरल्याने कोटिंगचे नुकसान झाले असून हमी लागू होत नाही. गाडी पाहायला कोणी आले नाही. फोटो उघडून पाहिले की नाही तेही कळायला मार्ग नाही. माझे म्हणणे असे, की हमीपत्राच्या मागच्या बाजूला फक्त "तीव्र आम्ल" असा उल्लेख आहे. धुण्याचा सोडा आम्ल नाही, अल्कली आहे. अल्कलीचे पाणी लोखंडाला गंजवत नाही. ॲल्युमिनियमला त्याचा त्रास होतो, म्हणून तर मी लगेच साध्या पाण्याने धुते. माझ्या अलॉय चाकांवर तीन वर्षांत एकही डाग नाही. आणि सोडा मी लावते तो टायरना आणि मडफ्लॅपना. गंज आहे तो उंबऱ्याच्या पट्टीच्या आत आणि कोटिंगच्या खाली. सोड्याने पेंढ्याची काडी कोटिंगच्या आत कशी घातली, हे आपल्या तंत्रज्ञांनी मला लेखी सांगावे.

धुलाईबद्दल थोडक्यात. चारपैकी दोन वेळा मी शाखेत गाडी नेली. दुसऱ्या वेळी मी समोर उभी होते. मुलाने चाके पुसलेले फडके त्याच बादलीत बुडवून बॉनेटवर फिरवले. आमच्या मातीत बारीक रेव असते. उन्हात पाहिले की बॉनेटवर गोल गोल ओरखडे दिसतात. त्या मुलाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याच्याजवळ एकच बादली होती आणि बाहेर नऊ गाड्या उभ्या होत्या. उरलेल्या दोन धुलाया मी घेतल्या नाहीत आणि घेणार नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. गाडीखालचे सगळे कोटिंग कंपनीच्या खर्चाने खरवडून काढावे, सर्व भोके मोकळी करावीत, उंबऱ्याच्या आतला आणि खालचा गंज काढून प्रायमर व संरक्षक थर द्यावा, आणि हे काम माझ्या समोर व्हावे. आपल्याला हे करायचे नसल्यास ते काम मी माझ्या पसंतीच्या गॅरेजमध्ये करून घेईन आणि त्याचे बिल आपण द्यावे. पॅकेजचे १८,५०० रुपये परत मिळावेत. जाजमे काढून वाळवणे, बुरशी साफ करणे आणि तपासणी यासाठी मी आतापर्यंत भरलेले ६,२०० रुपये मिळावेत. पाच दिवस गाडी उभी राहिल्याने दुसऱ्याची गाडी भाड्याने घेऊन मला गोठ्यांवर जावे लागले, त्या भाड्याच्या पावत्याही जोडल्या आहेत.

आणखी एक मागणी आहे, तिचे पैसे होत नाहीत. मे अखेरीपासून जुलैपर्यंत या शाखेत ज्या ज्या गाड्यांना खालून कोटिंग केले, त्या सगळ्या ग्राहकांना कंपनीने स्वतः फोन करून गाडी तपासायला बोलवावे. माझी गाडी गोठ्यांमुळे जास्त मळलेली होती हे मान्य, पण यंदा त्या काळात कोकणात कोरडी गाडी आपल्याकडे आली तरी कुठून असणार? त्यांत कोणी रिक्षा चालवत असेल, कोणी कर्ज काढून पहिली गाडी घेतली असेल. त्यांच्या दारांत आत्ता पाणी साठलेले असेल आणि त्यांना ते ठाऊकही नसेल. यंदा पाऊस ऑक्टोबर संपेपर्यंत लांबला, म्हणजे पत्रा भिजत राहण्याचा काळही वाढला. आता थंडी पडेल, वरून सगळे कोरडे दिसेल आणि कोणी खाली वाकून पाहणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आणि तपासणीची तारीख मिळावी. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही मुद्द्यांवर मी रत्नागिरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. मी राहते त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क हा कायदा मला देतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्कही लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे, तिचा क्रमांक सोबतच्या कागदांत आहे. मला आयोगापर्यंत जाण्याची हौस नाही, त्या दिवशी तीन-चार गोठे राहतील. पण जावे लागले तर जाईन.

तपासणीसाठी येणाऱ्या माणसाने कृपया सकाळी दहाच्या आत देवरूखला यावे, त्यानंतर मी फिरतीवर असते. गाडी चिऱ्यांवर चढवून ठेवीन, खाली शिरायला ताडपत्री आणि बॅटरी देईन. काकांनाही बोलावून ठेवते. उजवीकडची दोन भोके आम्ही मुद्दाम अजून मोकळी केलेली नाहीत, ती आपल्या माणसाने स्वतःच्या हाताने उघडून पाहावीत.

आपली ग्राहक,
(सही)
देवरूख, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी

सोबत: बिल व हमीपत्राची प्रत, माहितीपत्रक, २०२३ ते २०२५ च्या सर्व्हिसिंगचे कागद, गॅरेजचे बिल व लेखी अभिप्राय, भाड्याच्या गाडीच्या पावत्या, हेल्पलाइनवरील तक्रारीची नोंद, २३ फोटो आणि एक व्हिडिओ. कोटिंगचा पोपडा माझ्याजवळ आहे, तपासणीच्या वेळी दाखवीन, ताब्यात देणार नाही.