बेअरिंग हाताने बसतं, हीच माझी तक्रार आहे

प्रति,
व्यवस्थापक,
उत्पादन व ग्राहक सेवा विभाग

विषय : पुढच्या अपराइटच्या जोडीचे बोअर (बेअरिंग बसायची भोकं) ड्रॉइंगपेक्षा ०.११ मिमी मोठे. भाग परत घेणे आणि ड्रॉइंगप्रमाणे नवीन करून देणे याबाबत.

आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवेला माझा सहावा फोन झाला. अठ्ठावीस मिनिटांनी तो तुमच्याकडूनच कट झाला. सातवा करणार नाही, म्हणून हे लेखी.

अपराइट म्हणजे चाकाचं बेअरिंग धरून ठेवणारा आणि सस्पेन्शनला जोडलेला भाग, हे तुम्हाला सांगत बसत नाही. तुमच्या जाहिरातीत पहिलाच फोटो अपराइटचा आहे. मी ट्रॅकसाठी घरी बांधत असलेल्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांचे अपराइट ७०७५-टी६ अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधून मशिन करायला तुमच्याकडे दिले होते. ड्रॉइंगमध्ये बेअरिंगच्या बोअरचं माप स्पष्ट लिहिलं आहे : ८३.९० मिमी, अधिक-उणे ०.०१. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ८४. शेजारी टीपही आहे की हे माप मुद्दाम लहान ठेवलं आहे, बदलू नये. ती टीप मी मोठ्या अक्षरांत लिहिली होती, कारण कुणीतरी तिथे अडखळेल असं मला वाटलंच होतं.

आलेल्या दोन्ही भागांचे बोअर ८४.०१ आहेत. रिंगवर सेट केलेल्या बोअरगेजने, तीन खोलींवर आणि प्रत्येक खोलीवर दोन दिशांनी मोजले. डावा ८४.०१, उजवाही ८४.०१. मशिन चुकलं असतं तर दोन्ही भाग इतके सारखे आले नसते. मशिनने सांगितलं तेच केलं. सांगणाऱ्याने माझा आकडा बदलला.

हा तर्क नाही. तुमच्याच तपासणी अहवालात ‘अपेक्षित माप’ या रकान्यात ८४ एच७ लिहिलं आहे, ‘प्रत्यक्ष माप’ ८४.०१, आणि पुढे ‘ओके’चा शिक्का. ८४ एच७, म्हणजे ८४ किंवा त्याहून किंचित मोठं भोक, माझ्या ड्रॉइंगमध्ये कुठेच नाही. ८३.९० हे टायपिंगची चूक समजून तुमच्या प्रोग्रॅमरने बेअरिंगच्या कॅटलॉगमधला आकडा टाकला, आणि तपासणाऱ्याने जॉब माझ्या ड्रॉइंगशी न ताडता प्रोग्रॅमरच्या कागदाशी ताडला. एक फोन केला असता तर दोन वाक्यांत उत्तर मिळालं असतं.

ते उत्तर इथे देतो. अॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं, बेअरिंगचं पोलाद साधारण १२. ट्रॅकवर ब्रेकची उष्णता हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागातून, अपराइटमध्ये येते. दोन्ही भाग ६० अंशांनी तापले, तर ८४ मिमीवर बोअर बेअरिंगपेक्षा सुमारे ०.०५५ मिमी जास्त फुगतो. माझी बेअरिंग ८३.९९ भरली. म्हणजे थंड असताना ०.०९ ची पकड, गरम झाल्यावर ०.०३५ उरते. लोखंडी अपराइटला चालणारी पकड इथे चालत नाही, म्हणून तो आकडा ‘विचित्र’ आहे. तुम्ही दिलेल्या बोअरमध्ये थंड असतानाच ०.०२ ची फट आहे. गरम झाल्यावर ती ०.०७५ होते.

आता तो फोन. पाचवा, परवा दुपारचा. तुमच्या तांत्रिक सल्लागारांशी जोडून दिलं होतं. झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहितो, कारण गेले दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये.

मी सांगितलं, बेअरिंग प्रेसशिवाय, हातानेच आत जातंय.

ते म्हणाले, “मग चांगलंच आहे की, सर. लोकांची तक्रार असते की बसत नाही. तुमचं तर सहज बसतंय.”

मी म्हटलं, सहज बसतंय हीच तक्रार आहे. अपराइट आडवा धरला तर बेअरिंग स्वतःच्या वजनाने बाहेर सरकतं.

“सर्क्लिप आहे ना त्याला? मग बाहेर कसं येईल?”

मी सांगितलं, सर्क्लिप म्हणजे खाचेत बसणारी कडी, ती बेअरिंगला बाजूला सरकू देत नाही, पण फिरण्यापासून थांबवत नाही. बेअरिंगची बाहेरची रेस, म्हणजे बाहेरची कडी, बोअरमध्ये फिरत राहते, बोअर खाते, फट वाढत जाते.

मग त्यांनी विचारलं, “सर, तुम्ही स्वतः इंजिनिअर आहात का?”

मी म्हटलं, त्याचा काय संबंध? ड्रॉइंगमध्ये ८३.९० आहे, तुम्ही ८४.०१ दिलं आहे.

“नाही, म्हणजे मोजायला थोडं कौशल्य लागतं. तापमानाने फरक पडतो. आणि गाडी घरीच बनवताय ना? मग इतकं बारीक कशाला बघता?”

तापमानाचं म्हणाल तर हिशेब सोपा आहे. ८३.९० चा बोअर ८४.०१ दिसायला तो भाग २० अंशांवरून जवळजवळ ७७ अंशांपर्यंत तापलेला हवा. तो मी हातात धरून मोजत होतो. आणि तुमच्या अहवालातही ८४.०१ च आहे. तुमची तपासणीची खोलीही ७७ अंशांवर होती का?

पण मला लागलं ते शेवटचं वाक्य. गाडी घरी बनते म्हणून तिच्या चाकावर कमी बल येतं का? वळणावर अर्ध्याहून जास्त वजन बाहेरच्या चाकांवर जातं, ते गाडी कुणी बनवली हे विचारत नाही. बेअरिंग ढिलं असलं की हब डुलतो, त्याच्याबरोबर डिस्क डुलते आणि ब्रेक पॅड पिस्टनसकट मागे ढकलले जातात. पुढच्या वळणाआधी पेडल दाबलं की ते जवळजवळ तळाला जातं. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी हे झालं तर काय होतं, हे सल्लागार म्हणवणाऱ्याला ठाऊक असायला हवं. मी तीन वर्षं दर रविवारी या गाडीवर काम करतो आहे. त्या सीटवर मी बसणार आहे. बारीक मीच बघणार.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय : बेअरिंग चिकटवायचं रसायन लावा. तापून-थंडावून दोन धातूंमधली फट सतत बदलत असलेल्या जागी, चाक धरून ठेवायला गोंद. आणि हा सल्ला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने दिला.

आणखी दोन गोष्टी. स्टिअरिंग आर्म जिथे मुख्य भागाला मिळतो तिथे कोपऱ्याला ५ मिमीचा रेडियस, म्हणजे गोलाई, मागितला होता. रेडियस गेजवर तो जेमतेम २ भरतो. “टूल बदलावं लागलं असतं,” असं चौथ्या फोनवर सांगण्यात आलं. मग बदलायचं होतं. अॅल्युमिनियमला अशी कुठलीही मर्यादा नसते की तिच्याखालचं बल कितीही वेळा दिलं तरी चालेल. दर वळण, दर कर्ब त्यात जमा होत राहतो, आणि तडा अशाच धारदार कोपऱ्यातून सुरू होतो.

दुसरं, मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट. तीनदा मागितल्यावर आलं ते ५० मिमी जाडीच्या प्लेटचं. माझा अपराइट सर्वात जाड जागी ६२ मिमी आहे. ५० च्या प्लेटमधून ६२ चा भाग निघत नाही. मटेरियल चुकीचं आहे असा आरोप मी आज करत नाही. पण ७०७५-टी६ ची ब्रिनेल कठीणता १५० च्या आसपास येते आणि ६०६१-टी६ या मऊ अॅल्युमिनियमची ९५ च्या आसपास, त्यामुळे कोणता धातू आहे हे पाच मिनिटांत कळतं. तुम्ही ते करून कळवा, नाहीतर मी बाहेर करून घेईन आणि तो अहवाल तुमच्या अहवालाशेजारी लावीन.

राग येतो त्याहून वाईट जास्त वाटतं. दोन वर्षांपूर्वी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली अडॅप्टर प्लेट तुमच्याकडूनच करून घेतली होती. तेव्हा तुमच्या मशिनवरच्या एका माणसाने स्वतः फोन केला होता : “डॉवेलच्या दोन भोकांमधलं अंतर ड्रॉइंगवर दिसत नाही, अंदाजाने करत नाही, तुम्ही सांगा.” माझी चूक होती, त्याने ती पकडली. प्लेट पहिल्या फटक्यात बसली. त्या एका फोनमुळे मी चार मित्रांना तुमच्याकडे पाठवलं. यावेळी ८३.९० पाहून कुणालाही फोन करावासा वाटला नाही.

मला हवं ते असं. दोन्ही अपराइट तुमच्या खर्चाने परत न्या. रीवर्क नको, मोठा झालेला बोअर लहान होत नाही आणि त्यात बुश ठोकलेला अपराइट मी घेणार नाही. नवीन ब्लॉकमधून, ड्रॉइंगप्रमाणे, ५ च्या रेडियससह करा आणि त्याच ब्लॉकचं सर्टिफिकेट द्या. जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर वकिलाची नोटीस येईल, आणि तुमचा ‘ओके’चा शिक्का मारलेला अहवाल तिला जोडलेला असेल. त्या चार मित्रांना मी कालच कळवलं आहे.

आणि तुमच्या सल्लागारांना मला पुन्हा फोन करायला लावू नका.

आपला ग्राहक

ता. क. : दोन्ही भागांवर बोअरशेजारी मी मोजलेले आकडे मार्करने लिहिले आहेत. ते पुसण्याआधी एकदा स्वतः मोजा, आणि या वेळी शेजारी माझं ड्रॉइंग ठेवा.