आईच्या हाती शिट्टी देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "राहू द्या नं बेटा" म्हणता आणि आईच्या गुडघ्यांची चौकशी सुरू करता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. गाडी घेऊन डांबरी सडक सोडायची हौस असलेली माणसं आता नागपुरात पुष्कळ झाली आहेत. त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

आई माझ्या गाडीत पुन्हा बसली, ती तुमच्यामुळे. हे लिहितानाही गळा दाटून येतो आहे.

आधी काय झालं होतं ते तुम्हाला मी तुकड्यातुकड्यांत सांगितलं होतं, आता नीट सांगते. भर पावसाळ्यात एका आयोजकाने 'फॅमिली ऑफरोड' म्हणून आम्हाला नेलं. पैसे आगाऊ घेतले, टी-शर्ट वाटले, ड्रोन उडवला. आदल्या रात्री पाऊस झालेला असूनही गाड्या काळ्या मातीच्या पांदणीत, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेत, घातल्या. आमची गाडी घसरून कडेच्या नालीत तिरपी झाली. आई खालच्या बाजूला, दाराला चेपलेली. ती "थांबा, थांबा" म्हणत होती आणि बाहेर उभा असलेला तो माणूस मला "मॅडम, रेस द्या, रेस द्या" म्हणून ओरडत होता. नंतर त्याने बंपरला नायलॉनचा दोर बांधला, बंपर निघून हातात आला, आणि पुढच्या गाड्यांना तलावावर फोटो काढायचे होते म्हणून तो निघून गेला. जाता जाता म्हणाला, "घाबरणाऱ्यांना आणायचंच नसतं." हे आईसमोर म्हणाला. तिचं बालपण काटोलकडच्या गावात बैलांच्या दमणीतून पांदणी तुडवत गेलं. तिला तो घाबरट म्हणून गेला! अंधार पडल्यावर एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने आम्हाला बाहेर काढलं आणि डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. त्या भाऊंचेही आभार मला इथेच मानू द्या.

त्यानंतर आई मागच्या सीटवरसुद्धा बसेना. बाजारात जायचं तरी ऑटो.

तुमच्याकडे मी आले तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही गाडी पाहाल. तुम्ही पहिला प्रश्न विचारला, "सोबत कोण कोण आहे?" आई आहे म्हटल्यावर विचारलं, "त्यांना यायचं आहे की तुम्हाला न्यायचं आहे?" पाटबंधारे खात्याच्या सर्वेक्षणाच्या जीप आयुष्यभर चालवलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न. मी घरी जाऊन तो आईला विचारला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यायचं तर आहे."

तुमच्यासोबत गाड्या घेऊन जायच्या ठरलेल्या रविवारच्या आधी अवकाळी पाऊस पडला आणि तुम्ही सरळ दिवस रद्द केला. "चार उन्हं पडू द्या. काळी माती वरून सुकते, आतून ओलीच राहते." लोकांनी कुरकुर केली, तुम्ही ऐकलं नाही. मग वाटही बदलली. काळी माती सोडून हिंगण्याच्या पुढची मुरमाड बरड निवडली, मोहगाव झिलपीच्या तलावाच्या अंगाची. ज्यांच्या वावरातून जायचं त्यांना स्वतः जाऊन विचारून आलात. जंगलाची हद्द जिथे लागते तिथे जायचंच नाही हे आधीच बजावलंत. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे तर खरंच, पण तुमचं म्हणणं वेगळं होतं: २०१९ मध्ये वाघ शहराला लागून असलेल्या मिहानच्या औद्योगिक भागापर्यंत येऊन गेला, तेव्हा आपण त्याच्या दारात आवाज करत जायचं कारण काय?

बाकीची तयारी पाहून माझा नवरा चकित झाला होता. निदान दोन गाड्या, एकटं कधीच नाही. घरी एकाजवळ वाटेचा नकाशा आणि परतायची वेळ. गाडीतली पाण्याची कॅन, जॅक, डबे, सगळं पट्ट्याने बांधलेलं, कारण उतारावर सुटी वस्तू थेट डोक्यात येते. अडकलेली गाडी ओढायला टोचन लावायचं ते चेसिसच्या हुकालाच, आणि पट्टा ताणला की आसपास एक माणूस उभा राहता कामा नये. हे तुम्ही सांगितलं तेव्हा मला तो बंपर आणि त्याच्याभोवती मोबाइल घेऊन उभी असलेली पोरं आठवली. पट्टा किंवा हूक तुटून उडाला तर माणूस मरतो, हे तिथे आम्हाला एकानेही सांगितलं नव्हतं.

मुरूम सुरू झाल्यावर टायरची हवा ३२ पीएसआयवरून २० च्या आसपास आणली. टायर उंटाच्या पायासारखा पसरला पाहिजे, म्हणालात. आणि परतताना डांबरी लागायच्या आधी स्वतः जमिनीवर बसून प्रत्येक गाडीत हवा पुन्हा भरलीत, कारण कमी हवेवर वेगात गेलं की टायर तापतो. नाला आला तेव्हा चपला काढून, बांबू घेऊन आधी तुम्ही उतरलात. या काठावरून त्या काठावर, मग परत. त्यानंतर पहिली गाडी.

पण काका, मला यातल्या कशासाठीही हे पत्र लिहायचं नव्हतं. मला लिहायचं आहे ते शिट्टीबद्दल.

निघायच्या आधी सगळे चहा पीत होते. तुम्ही गळ्यातली शिट्टी काढली, रुमालाने पुसली आणि आईच्या हातात दिली. "ताई, ही तुमच्यापाशी ठेवा. जीव घाबरला तं वाजवजा. सगळ्या गाड्या थांबतील. काहून वाजवली, हे कोणी विचारणार नाही." तेवढं बोलून तुम्ही बॉनेट उघडायला गेलात. आई त्या शिट्टीकडे पाहत राहिली.

तिने ती वाजवली. तलावाकडच्या पहिल्या मोठ्या उतारावर, मी फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर, टाकून पहिल्या गिअरमध्ये गाडी नुकतीच काठाला आणली होती. तुम्ही खाली उभे होता. दोन्ही हात वर केलेत, मागच्या गाड्यांची इंजिनं बंद झाली. तुम्ही चढून वर आलात, दार उघडलंत आणि म्हणालात, "उतरता का ताई? बाजूची पायवाट चांगली आहे." हात धरून तिला हळूहळू खाली नेलंत. मागच्या गाडीतल्या एका तरुणाने "काय झालं?" असं विचारलं. तुम्ही म्हणालात, "थांबलो." बस्स. मग मला हाताने खूण केलीत. मी फक्त तुमच्याकडे पाहत, क्लचला पाय न लावता, इंजिनच्या जोरावर गाडी खाली आणली.

पुढचा उतार त्याहून उभा होता. आईच्या मुठीत शिट्टी होती. तिने ओठांपर्यंत नेली, खाली घेतली आणि मला म्हणाली, "घे खाली."

त्या एका क्षणासाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे. आपला शब्द चालतो, आपण थांबा म्हटलं तर पाच गाड्या थांबतात, हे कळल्यावर तिची भीती ओसरली. गाडीत मागे बसलेल्या बाईला, म्हाताऱ्या माणसाला, लेकराला हा अधिकार कोण देतं? या हौसेच्या जगात सगळे स्टिअरिंगवाल्याला सल्ले देतात. मागच्या सीटवरचा जीव किती आखडला आहे, हे पाहणारा मला तुमच्याआधी भेटला नव्हता.

आणि तुमचा चांगुलपणा आईपुरता नव्हता. बैलजोडी समोरून आली तेव्हा तुम्ही गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलंत. संत्र्याच्या बागेपाशी धूळ उडू नये म्हणून सगळ्यांना पायी चालल्याच्या वेगाने नेलंत. तुरीच्या वावराचं फाटक शेवटच्या गाडीने लावलं की नाही, हे पाहायला मागे गेलात. फार मोठ्या गोष्टी लागतच नाहीत हो माणसाला. कोणीतरी आपला विचार करतंय एवढं दिसलं तरी दिवस बरा जातो. तीनला परतायचं म्हणजे तीनलाच, हिवाळ्यात साडेपाचनंतर उजेड राहत नाही, असं म्हणून तुम्ही आम्हाला वेळेत घरी आणलंत.

आता माझं एक मागणं आहे. पुढच्या वेळी माझ्या दोघी मैत्रिणी आपापल्या सासूबाईंना घेऊन यायचं म्हणताहेत. तारीख तुमच्या सोयीने, चार उन्हं पडल्यावर. त्याआधी एका रविवारी काकूंना घेऊन घरी जेवायला या. आई पाटोडीचा रस्सा करणार आहे आणि तिखट कितपत चालतं ते विचारून ठेव म्हणाली आहे. कळवा.

आपली नम्र,
दोन नंबरच्या गाडीची ड्रायव्हर
नागपूर