‘मर्यादित’ ते भागधारकांपुरतेच

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परदेशातली कंपनी बुडाल्याच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : कंपनी मर्यादित जबाबदारीची असल्याने मालकांच्या खिशाला झळ नाही. भागधारकांबद्दल ते बहुतांशी खरे आहे. जर्मन जीएमबीएचच्या (तिथल्या मर्यादित जबाबदारीच्या कंपनीच्या) ‘गेशेफ्ट्सफ्यूरर’बद्दल, म्हणजे व्यापारी नोंदणीत ज्याचे नाव लागले आहे त्या व्यवस्थापकाबद्दल, ते साफ चुकीचे आहे. बडोद्याच्या आसपासच्या मकरपुरा, वाघोडिया, सावलीतल्या ज्या कारखानदारांनी तिकडे विक्रीसाठी अशी कंपनी काढली आहे किंवा काढायचे मनात आहे, त्यांच्यासाठी हे पत्र. जरा लांबले आहे, पण कापू नये ही विनंती.

मांडणी साधारण अशी असते. किमान भांडवल २५,००० युरो, त्यातले निदान १२,५०० नोंदणीआधी भरायचे. भांडवल बडोद्याच्या कंपनीचे. व्यवस्थापक म्हणून तिकडे शिकायला गेलेला भाचा, सोबत इथून एखादे काका. निर्णय इथे, सह्या तिथे. बुडालीच तर पंचवीस हजार गेले, असा हिशेब.

जर्मन दिवाळखोरी कायद्याचे कलम १५अ सांगते की कंपनीला देणी भागवता येईनाशी झाली की व्यवस्थापकाने विनाविलंब, फार तर तीन आठवड्यांत, न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज करायचा. देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली आणि पुढचे १२ महिने कंपनी तग धरण्याची शक्यता कमी असेल, तर सहा आठवडे. सहाची ही मुदत १ जानेवारी २०२१ पासूनची. पण हे आठवडे वाट पाहण्यासाठी नाहीत. बँक पैसे देणार नाही हे चौथ्या दिवशी कळले, तर अर्जही तेव्हाच. मुद्दाम टाळले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, निष्काळजीपणाने राहिले तर एक वर्षापर्यंत. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात संचालकावर अशी मुदत नाही, आणि इथल्या सवयीने तिथे वागणारे नेमके याच ठिकाणी अडकतात.

‘देणी भागवता येत नाहीत’ हे ठरवायचे कसे? कार्ल्सरूहच्या संघीय न्यायालयाने २४ मे २००५ च्या निकालात माप दिले. तीन आठवड्यांच्या आत भरून न निघणारी तूट देय रकमांच्या १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर कंपनी सहसा दिवाळखोर धरायची. तूट लवकरच जवळजवळ पूर्ण भरून निघेल याची खात्रीच असेल आणि घेणेकऱ्यांनी तोवर थांबणे रास्त असेल, तरच अपवाद.

आकड्यांत पाहू. सोमवारी सकाळी बँकेत ६२,००० युरो. तीन आठवड्यांत गिऱ्हाइकांकडून नक्की येणारे १,१०,०००. आज देय असलेली बिले ९५,०००. इथवर मांडले तर ७७,००० शिल्लक दिसते आणि काका निर्धास्त होतात. पण याच तीन आठवड्यांत आणखी १,०५,००० देय होणार आहेत : पगार, भाडे, विक्रीकर, वाहतूकदार. ते धरले की १,७२,००० विरुद्ध २,००,०००, म्हणजे २८,००० ची तूट, १४ टक्के. पूर्वी पुष्कळ सल्लागार हा १,०५,००० चा आकडा गाळत आणि याची टोपी त्याला घालत पुढे ढकलत राहत. १९ डिसेंबर २०१७ च्या निकालाने ती वाट बंद केली. मुदतीत येणारे पैसे मोजता, तर मुदतीत देय होणारी देणीही मोजा. साधी गोष्ट, पण न्यायालयाने ती बोलून दाखवेपर्यंत बारा वर्षे गेली.

एखादे बिल या हिशेबातून वगळायचे असेल, तर पुरवठादाराने मुदत वाढवल्याचे लेखी हवे. ‘तो ओळखीचा आहे, ओरडत नाही’ हे चालत नाही. नुसते बिल पाठवणे हीसुद्धा मागणी धरली जाते. आणि बडोद्याच्या कंपनीने फोनवर दिलेला ‘पाठवतो पैसे’ हा शब्द त्या तक्त्यात शून्य. मूळ कंपनीने घेणेकऱ्याला बांधील हमीपत्र दिले तरी तेवढ्याने मुलीची, म्हणजे उपकंपनीची, रोखटंचाई संपत नाही, असे १९ मे २०११ चा निकाल सांगतो. पैसा उपकंपनीच्या खात्यात यायला हवा, किंवा ती हक्काने तो काढू शकली पाहिजे.

आता खिशाचा प्रश्न. दिवाळखोरीची ती अवस्था आल्यानंतर कंपनीच्या खात्यातून गेलेली रक्कम, व्यवहारी दक्षतेत बसत नसेल तर, न्यायालयाने नेमलेला दिवाळखोरी प्रशासक व्यवस्थापकाकडून वैयक्तिक मागतो. पूर्वी हे जीएमबीएच कायद्याच्या कलम ६४ मध्ये होते, २०२१ पासून दिवाळखोरी कायद्याच्या १५ब मध्ये आहे. व्यवस्थापकाने त्यातून काय कमावले हा प्रश्नच नाही. एकेक रकमेची बेरीज होते. घेणेकऱ्यांचे एकूण नुकसान त्याहून कमी होते असे सिद्ध केले तर मागणी तेवढ्यावर येते, पण सिद्ध त्यानेच करायचे. रक्कम गेली आणि बदल्यात लगेच तेवढ्याच मोलाचा विकाऊ माल आला, तर वजावट मिळते. पगार, वीज, सल्लागाराची फी यांच्या बदल्यात घेणेकऱ्यांच्या हाती काही उरत नाही, म्हणून ४ जुलै २०१७ च्या निकालाप्रमाणे सहसा वजावट नाही.

सर्वांत फसवी जागा ओव्हरड्राफ्टची. खाते उणे असताना गिऱ्हाइकाचे ४०,००० जमा झाले, की ते आपोआप बँकेच्या कर्जात वळते होतात. न्यायालयाच्या लेखी ही व्यवस्थापकाने बँकेला केलेली परतफेड आहे. त्याने सही केली नाही, बटण दाबले नाही, तरीही. उपाय एवढाच की संकट दिसताच दुसऱ्या बँकेत जमा बाजूचे (कर्ज नसलेले) नवे खाते उघडायचे आणि बिलांवरचा खाते क्रमांक त्याच दिवशी बदलायचा. तिकडचे वकील हे पहिल्याच भेटीत सांगतात. आपली माणसे भेटायलाच उशिरा जातात.

बडोद्याच्या मूळ कंपनीलाही एक पेच आहे. माल पाठवला, आपलीच उपकंपनी म्हणून वसुली लांबू दिली. असे येणे देय तारखेनंतर तीन महिन्यांहून जास्त पडून राहिले, तर ते सहसा भागधारकाने दिलेल्या कर्जासारखे धरले जाते (११ जुलै २०१९ चा निकाल). मग ते फेडीच्या रांगेत सर्वांच्या मागे, आणि अर्जाआधीच्या वर्षात त्यापोटी काही परत घेतले असेल तर प्रशासक तेही परत मागू शकतो. निर्यात वसुलीसाठी रिझर्व्ह बँकेची मुदत बाकी होती, हे उत्तर तिथे चालत नाही.

भाच्याबद्दल. ‘हिशेब काका बघतात, मी फक्त विक्री बघतो’ हा बचाव ६ नोव्हेंबर २०१८ च्या निकालानंतर फारच अरुंद झाला आहे. कामाची वाटणी स्पष्ट हवी, सर्वांच्या संमतीची हवी, आणि तरी प्रत्येकाने दुसऱ्यावर नजर ठेवायची; अर्ज करण्याचे कर्तव्य वाटून देता येत नाही. दोघांपैकी एकटाही अर्ज करू शकतो, फक्त दिवाळखोरीची अवस्था सकृद्दर्शनी दाखवावी लागते. स्वतःला हिशेब कळत नसेल तर स्वतंत्र, जाणकार माणसाकडून तपासून घ्यावे, त्याला सगळी कागदपत्रे द्यावीत आणि त्याचे उत्तर पटते का हे आपल्या डोक्याने पडताळावे. हे तिन्ही केले आणि तसे लेखी ठेवले तर बचाव उभा राहतो. संचालक विमा या मागणीला लागू होऊ शकतो, हे १८ नोव्हेंबर २०२० ला ठरले. जाणूनबुजून केलेला कर्तव्यभंग मात्र पॉलिसीत बहुधा वगळलेला असतो.

‘जर्मन निकाल आपल्या अलकापुरीच्या फ्लॅटपर्यंत पोचत नाही’ असेही ऐकू येते. अर्धे बरोबर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ साठी जर्मनी परस्परतेचा (एकमेकांचे निकाल थेट बजावणारा) देश नाही, म्हणून तो निकाल इथे थेट बजावता येत नाही. त्यावर तीन वर्षांच्या आत नवा दावा लावावा लागतो आणि परदेशी निकाल कधी मानायचा याच्या, कलम १३ च्या, कसोट्या लागतात. पण युरोपीय संघात, जिथे भाचा राहतो, नोकरी करतो, घर घेतो, तिथे तो निकाल चालतो.

शेवटचे राजीनाम्याचे. वेळ आली की भाच्याचे नाव काढून दुसऱ्याचे घालण्याची युक्ती सुचवली जाते. २३ जुलै २०२४ च्या निकालाने तिचा आधार काढून घेतला. अर्जाचे कर्तव्य त्याच्या कारकिर्दीत मोडले गेले आणि त्यातून निर्माण झालेला धोका तसाच राहिला, तर तो गेल्यानंतर ज्यांनी कंपनीशी करार केला त्यांच्या नुकसानीलाही तो जबाबदार ठरू शकतो. मधे कंपनी खरोखर सावरली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून नाव काढण्याआधी दर सोमवारचे तीन आठवड्यांचे तक्ते, बँकेची पाने आणि पुरवठादारांची मुदतवाढीची पत्रे यांच्या तारखेसह प्रती त्याने स्वतःकडे घ्याव्यात. बाहेर पडल्यावर हेच कागद प्रशासकाच्या कपाटात असतात आणि पान पाहायला परवानगी मागावी लागते.

आपले,
दोन वाचक (एक सनदी लेखापाल, एक वकील)
दांडिया बाजार, बडोदे