ते छायाचित्र नव्हते, त्यावर सही होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला जुन्या मोटारींवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे. तक्रार आहे ती पॉन्टिअॅक या अमेरिकन मोटारीच्या चित्राखालच्या ओळीबद्दल. आपण छापले आहे, ‘दुर्मीळ छायाचित्र’. ते छायाचित्र नाही. ते हाताने रंगवलेले जाहिरातीचे चित्र आहे, आणि ज्यांनी ते रंगवले त्यांची सही खालच्या कोपऱ्यात होती. चौकटीत बसवताना तुमच्याकडे तो कोपराच कापला गेला.

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तेच पान माझ्याकडे आहे. खजुरी बाजारात रद्दीच्या भावाने घेतलेल्या एका अमेरिकन मासिकातले. भिंग धरले की बारीक अक्षरे दिसतात: ए. एफ., व्ही. के. म्हणजे आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन. १९५९ ते १९७१ पॉन्टिअॅकच्या जाहिराती या जोडीने रंगवल्या. गाडी फिट्झपॅट्रिक यांची, मागचे दृश्य आणि माणसे कॉफमन यांची. दोन हात एका कागदावर, आणि सांधा कुठे दिसत नाही. पॉन्टिअॅकने १९५९ साली डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर वाढवले आणि ‘वाइड ट्रॅक’ म्हणून गाडी बाजारात आणली. तो रुबाब दाखवायचा तर गाडी आहे तशी काढून भागणार नव्हते. म्हणून फिट्झपॅट्रिक यांनी ती होती त्यापेक्षा रुंद आणि बसकी काढली. तरीही पाहणाऱ्याला खोटी वाटत नाही, कारण तिच्या अंगावरची प्रतिबिंबे खरी आहेत. पुढे २००५ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने पन्नासच्या दशकातल्या मोटारींची तिकिटे काढली, तीही फिट्झपॅट्रिक यांच्याकडूनच रंगवून घेतली. तेव्हा ते पंच्याऐंशीच्या घरात होते.

मी स्वतः तीस वर्षे कमर्शियल आर्टिस्ट म्हणून पोट भरले, म्हणून सांगतो. बंपरचा क्रोम रंगवायला चंदेरी रंगाचा थेंब लागत नाही. चंदेरी लावला की तो पत्र्यासारखा मेलेला दिसतो. वरच्या अर्ध्यात आभाळाचा निळा, खालच्या अर्ध्यात जमिनीचा तपकिरी, मधोमध क्षितिजाची जवळजवळ काळी रेघ आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका. रेघ केसभर सरकली तर बंपर चेपल्यासारखा दिसतो. हे झिरो नंबरच्या ब्रशने, श्वास धरून करायचे काम आहे. त्याला ‘फोटो’ म्हटले की मला त्रास होतो.

आपल्या लेखात इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्या ड्युसेनबर्ग मोटारीवर अर्धा रकाना आहे. त्याच कंपनीच्या तीसच्या दशकातल्या काही जाहिरातींत गाडीच नसे. शिडाच्या बोटीवर किंवा भल्यामोठ्या दिवाणखान्यात एखादा माणूस, आणि खाली एकच ओळ: तो ड्युसेनबर्ग चालवतो. गाडी न दाखवता गाडी विकायची जबाबदारी चित्रकारावर! लेखात याला एखादे वाक्य मिळायला हवे होते.

आता मला इतके का लागले ते सांगतो. १९७८ साली मी इथल्या एका व्यापाऱ्याच्या कॅलेंडरसाठी चित्र केले. पाऊस नुकताच थांबलेला, राजवाड्यासमोर एक फियाट उभी, आणि ओल्या रस्त्यात राजवाडा उलटा उतरलेला. अकरा रात्री बसलो. दिवसा दुकानाच्या पाट्या असत, म्हणून रात्री. मागच्या चाकाच्या सावलीत, डोळ्यांवर येणार नाही इतक्या लहान अक्षरांत सही केली. कॅलेंडर छापून आले तर सहीच्या जागी दुकानाचा फोन नंबर. विचारायला गेलो तर मालक म्हणाले, “पैसे मिळाले ना?” मिळाले होते. पण आईने ते कॅलेंडर स्वयंपाकघरात लावले होते. ती चष्मा पुसून पुसून कोपरे शोधत होती आणि मला विचारत होती, “तुझं नाव कुठंय रे?” काय सांगणार? वर्षभर ते तिथेच होते. मी जेवायला त्याच्याकडे पाठ करून बसायचो.

म्हणून कापलेला कोपरा मला लगेच दिसतो.

अजून एक. चित्राखालच्या ओळी हल्ली इतक्या फिकट राखाडी अक्षरांत का छापता? माझ्या वयाच्या माणसाला त्या भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. निदान चित्रकाराचे नाव तरी काळ्या शाईत, वाचता येईल एवढे छापा.

येत्या रविवारी तेच चित्र कोपऱ्यासकट, दोघांच्या नावांनिशी पुन्हा छापावे, ही विनंती. माझ्याकडचे पान मी कार्यालयात घेऊन येईन. स्कॅन होईपर्यंत समोर बसेन आणि परत घेऊन जाईन, कारण पूर्वी असे दिलेले एक पान मला घडी पडून मिळाले आहे.

आपला,
व. शं. पु.
रामबाग, इंदूर