रिकाम्या चाळीतला प्रयोग

स. न. वि. वि.

मुंबईतल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळींच्या पाडकामाच्या बातम्या वाचताना एक नाट्यप्रयोग आठवला. आमच्या वरळीतल्या रिकाम्या झालेल्या मजल्यावर काही तरुण मुलांनी तो केला होता. मंच नाही, खुर्च्या नाहीत. दहा-दहा जणांना मधल्या अंधाऱ्या बोळातून चालवत नेलं. १९२०च्या दशकातली ही चाळ, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. एका खोलीत एक मुलगी भिंतीला पाठ लावून कालचं स्वप्न सांगत होती. पलीकडून कुणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं. बोळाच्या टोकाला, सामाईक नळापाशी, रिकाम्या बादल्यांची रांग.

मी पुनर्विकासातल्या टॉवरमध्ये राहायला गेलो. घर ५०० चौरस फुटांचं, तक्रार काहीच नाही. स्वप्नात मात्र अजून तोच बोळ येतो, आणि मी चपला शोधत असतो. त्या दिवशी जागेपणी तिथून चालताना हात आपोआप आमच्या दाराच्या कडीकडे गेला. कडी नव्हती, भंगारवाल्याने नेली असावी.

काही जाणकारांनी ‘याला नाटक म्हणायचं का?’ असं विचारलं. गणपतीत पटांगणातलं नाटक आम्ही खिडकीच्या गजांना लोंबकळून पाहायचो, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं! नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या ज्या चाळी अजून उभ्या आहेत, तिथे सुरक्षिततेची खात्री करून असे प्रयोग करायला म्हाडाने परवानगी द्यावी. तिकीट नको. जुन्या रहिवाशांना आधी बोलवावं.

– एक माजी चाळकरी, वरळी