भैय्या चौकातल्या घरात चिनी शिकवा

मा. संपादक,
स. न.

अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे चिनी बनावटीचे रॅपिअर (धोट्याविना चालणारे) माग बसवले. महिनाभरात त्यातला एक रुसला. पडद्यावर चिनी अक्षरं उमटायची, लाल दिवा लागायचा आणि माग थांबायचा. आमचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, वीस वर्षं मागावर मुरलेला गडी, पण त्या अक्षरांपुढे त्याचंही काही चालेना. मुलानं मोबाईल पडद्यासमोर धरला, तर भाषांतर आलं: ‘अक्षांश तुटला आहे.’ दोन दिवस माग बंद आणि आम्ही अक्षांश शोधतोय! शेवटी तिकडच्या एका फिटरशी व्हिडिओ कॉलवर गाठ पडली, तेव्हा उलगडा झाला. चिनी भाषेत बाण्याला, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्याला, आणि अक्षांशाला एकच अक्षर आहे. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, आणि रेखांशालाही तसंच एक. बाणा तुटला की खबर देणारी तार सैल झाली होती, एवढाच तो आजार.

त्या फिटरला सोलापूर सांगून कळेना. चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या आपल्या डॉ. कोटणीसांचं नाव घेतलं, तेही कळेना. मग मुलानं फोनवरून डॉक्टरांचा फोटो पाठवला. तो पाहताच ‘के दिहुआ!’ हे कोटणीसांचं चिनी नाव घेत गडी उठला आणि कुणाला तरी दाखवायला फोन घेऊन आत गेला. आम्ही इकडे पाच मिनिटं त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो.

हे पत्र त्या खुर्चीमुळे लिहितो आहे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ आणि त्यानंतर १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्म्यांना झालेली फाशी, हे सोलापूर त्यांच्या ऐन विशीतलं. जपाननं चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनापती झू द यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना, सप्टेंबर १९३८ मध्ये, अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस असे पाच डॉक्टर मुंबईहून बोटीनं निघाले. आपण स्वतः गुलाम असताना शेजाऱ्याच्या जखमा बांधायला गेलेली ही माणसं. चिन्यांनी पाचही जणांच्या नावांना ‘हुआ’, म्हणजे चीन, जोडलं. चौघे परत आले. कोटणीस राहिले, चिनी शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले आणि चीनमध्ये सेवा केलेले कॅनेडियन डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच ग्वो छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता, तेव्हा ९ डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले. वय अवघं ३२. शिज्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, पुतळा आहे. (शिज्याच्वांगही सूतगिरण्यांचं गाव. आपल्या जुन्या मिलच्या माणसाला तिथे परकं वाटू नये.)

भैय्या चौकातलं त्यांचं जन्मघर महापालिकेनं राखलं आणि २०१२ मध्ये ते स्मारक म्हणून लोकांसाठी खुलं झालं, ही फार मोठी गोष्ट झाली. माझं म्हणणं त्यापुढचं आहे. या घरात फोटो बघता येतात, तसं तिथे बोलताही यायला हवं. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे चिनी भाषेचा वर्ग भरावा. महापालिका, आपलं विद्यापीठ आणि टॉवेलवाल्यांची संघटना या तिघांनी मनावर घेतलं, तर एका शिक्षकाचा पगार निघणं अवघड नाही. शिक्षक चीनहूनच आणायला हवा असंही नाही. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात १९३७ मध्ये, म्हणजे कोटणीस निघण्याच्या वर्षभर आधी, तान युन-शान यांच्या मदतीनं चीना भवन सुरू केलं. तिथे आजही चिनी शिकवली जाते, दिल्लीच्या जेएनयूतही शिकवली जाते. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं नोकरी शोधत असतातच की. एखाद्याला सोलापुरात बोलवावं. आमच्या उन्हाळ्याची कल्पना मात्र आधी द्यावी.

भाषेनंतर पत्रं. इथल्या एखाद्या शाळेचा वर्ग आणि शिज्याच्वांगमधल्या एखाद्या शाळेचा वर्ग यांनी वर्षभर एकमेकांना लिहावं. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयातली चार मुलं तिथल्या रुग्णालयात महिनाभर राहून यावीत, तिथली चार इथे यावीत. फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीनदा एकमेकांच्या उरावर बसले होते. १९६३ मध्ये द गॉल आणि आडेनाउअर यांनी करार केला, तेव्हा दोन्ही सरकारांनी निम्मा-निम्मा पैसा घालून तरुण पोरांच्या देवाणघेवाणीसाठी एक कार्यालय काढलं. पुढे लाखो पोरं त्यातून एकमेकांच्या घरी राहून आली. आपल्याकडे सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर गाडं रुतलं ते रुतलंच. पण याच सार्क देशांनी दिल्लीत काढलेल्या दक्षिण आशियाई विद्यापीठात २०१० पासून वर्ग भरत आहेत. परिषद थांबली, तरी वर्ग चालू राहतो.

आता आक्षेप येणार हे मला माहीत आहे, कारण माझ्या घरातूनच आला. लडाखच्या गलवान खोऱ्यात जून २०२० ला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस जवान गेले, आणि तुम्ही चिनी शिकवा म्हणता? धाकट्या भावाचा हा प्रश्न. त्याचा राग खरा आहे. १९६२ चं युद्ध आमच्या वडिलांनी रेडिओवर ऐकलं होतं, त्यांचा रागही मी पाहिला आहे. पण सीमेवर दोन्हीकडचे अधिकारी बोलणी करायला बसतात, तेव्हाही मध्ये दुभाषी लागतो. तो आपला, आपल्या खात्रीचा असावा, असं भावालाही वाटतं. तो आभाळातून पडत नाही, कुठल्या तरी वर्गात शिकून तयार होतो. आणि धंद्याचं म्हणाल, तर बाजारात आमची गाठ चिनी मालाशी आहे आणि विणायला माग चिनीच आहेत. ज्याच्याशी स्पर्धा आहे, त्याचं कॅटलॉगसुद्धा वाचता येऊ नये, हे काही शहाणपणाचं नाही.

वेळही बरी आहे. २०२५ मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा पाच वर्षांनी सुरू झाली आणि ऑक्टोबरात कोलकात्याहून चीनमधल्या ग्वांगजौला थेट विमान निघालं. अहो, त्याच वर्षी आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरूनही गोव्याचं विमान उडालं! वर्षानुवर्षं जे फक्त बातम्यांत उडत होतं, ते खरंच उडू शकतं, तर भैय्या चौकात एक वर्ग भरायला काय हरकत आहे?

मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकत आम्ही वाढलो. पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या, पोराला तर शाळेत जायच्या आधीच दोन भाषा येतात. पाचवी भाषा या गावाला जड जाणार नाही.

या पत्राचा मसुदा मी जेवणाच्या सुट्टीत जॉबरला वाचून दाखवला. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या: फी किती असेल, आणि वर्ग दुसरी पाळी सुटल्यावर ठेवता येईल का?

आपला,
एक टॉवेल कारखानदार, सोलापूर